दिनविशेष : ३ जुलै, संत नामदेव समाधी (१३५०)

आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२. वारकरी परंपरेनुसार या तिथीला नामदेव महाराजांनी पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी समाधी घेतली. ती जागा म्हणजे नामदेव पायरी.

हिंगोली जिल्ह्यातले, कयाधूकाठचे नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांचे गुरू विसोबा खेचर यांची भेट त्याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला झाली, अशी आठवण हा मुलूख आजही जपतो. पंजाबात घुमानपर्यंत गेलेल्या या संताची पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. पण मनाला भिडते ते त्यांचे घर. विठ्ठलाच्या नादात नामदेव संसार विसरले म्हणून आई गोणाई आणि पत्नी राजाई यांनी केलेल्या तक्रारी अभंगांतून आपल्यापर्यंत आल्या आहेत, आणि त्या तक्रारींत केवढी माया आहे! नारा, विठा, गोंदा, महादा या मुलांच्या नावावरही अभंग आहेत. याच घरात वाढलेली जनाबाई मराठीतली थोर कवयित्री झाली. सारे घरच कवी झाले.

घरच्यांनीही नामदेवांसोबतच समाधी घेतली, असे परंपरा सांगते. औंढ्याला दर्शनाला जाणाऱ्यांनी नर्सीलाही अवश्य जावे.