धावण्याचे बूट घेताना काय बघावे? भरतीची तयारी करणारी मुलंमुली आणि त्यांच्या घरच्यांसाठी

फजरची नमाज झाली की आपल्या भागातली बरीच मुलं थेट मैदान गाठतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतोय, कुणी अग्निवीरची. त्यांच्या मागोमाग डॉक्टरांनी "रोज चाला" म्हणून बजावलेले चाचा आणि खालाही चार फेऱ्या मारताना दिसतात. आम्ही काही दिवस मुद्दाम सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. कुणाच्या पायात शाळेचे कॅनव्हास, कुणाच्या क्रिकेटचे बूट, तर कुणाच्या पायात मोठ्या कंपनीचं नाव छापलेली फर्स्ट कॉपी. एक मुलगा कडेला बसून नडगी चोळत होता. त्याचा बूट हातात घेऊन बघितला, तर टाचेखालचा फोम पार बसलेला आणि पुढे अंगठा टेकत होता. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, "घाल बिनधास्त, दोन दिवसांत सैल होईल."

नडगी दुखण्याला एकटा बूट जबाबदार नसतो. अचानक वाढवलेलं अंतर हे त्याचं नेहमीचं कारण. पण चुकीच्या बुटात त्रास लवकर सुरू होतो आणि लांबतो, आणि भरतीच्या तोंडावर तीन आठवडे घरी बसणं परवडत नाही. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. त्यातले २० गुण पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्याचे, १५ गुण १०० मीटरचे आणि उरलेले १५ गोळाफेकीचे. म्हणजे ५० पैकी ३५ गुण पायांवर. क्लासच्या फीसाठी घर उसनवारी करतं, आणि बूट मात्र कुणाचे तरी जुने चालवून घेतले जातात, हे आम्हाला पटत नाही.

नंबर म्हणजे नेमकं काय?

"सैल होईल" ही गोष्ट कोल्हापुरी चपलेबद्दल खरी आहे. चामडं ताणतं, पायाचा आकार घेतं. धावण्याचा बूट जाळीच्या कृत्रिम कापडाचा असतो, तो फारसा ताणत नाही. दुकानात चावणारा बूट मैदानावरही चावणारच. म्हणून पहिला नियम असा की पहिल्या मिनिटाला आरामदायी वाटला नाही तो बूट परत ठेवायचा.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगतात आणि धावतानाही फुगतात, त्यामुळे सकाळी बरोबर बसलेला बूट पळताना घट्ट होतो. जे मोजे घालून धावता तेच घेऊन जा. बहुतेकांचे दोन्ही पाय अगदी सारखे नसतात; मोठ्या पायाच्या मापाने बूट घ्या. उभं राहून पुढे हाताचा अंगठा आडवा दाबून बघा. सर्वांत लांब बोट आणि बुटाचं टोक यांच्यात साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, काहींचं दुसरं बोट लांब असतं. ही जागा नसेल तर प्रत्येक पावलाला नख आपटतं आणि महिन्याभरात काळं पडतं.

ऑनलाइन मागवणाऱ्यांनी घरी मोजमाप करावं. संध्याकाळी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, लांब बोटापाशी खूण करा आणि सेंटीमीटरमध्ये मोजा. बुटाच्या आत जिभेवर किंवा डब्यावर यूके, यूएस, युरोप असे नंबर असतात आणि बऱ्याचदा सेंटीमीटरही दिलेले असतात. पायापेक्षा अर्धा ते एक सेंटीमीटर जास्त असलेला नंबर बहुधा बरोबर निघतो. आपल्याकडे "आठ नंबर" म्हणतात तो यूकेचा आठ. पुरुषांच्या बुटात अमेरिकी नंबर कंपनीनुसार त्याच्यापेक्षा अर्धा ते एक जास्त असतो. ऑर्डर देताना इथेच जास्त गडबड होते.

लांबी जमली तरी रुंदी राहतेच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं थ्रीडी यंत्राने घेतली. त्यात आढळलं की आपली पावलं युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा साधारणपणे रुंद असतात. त्यावरून "भा" नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. तोवर आपल्याला परदेशी साच्यावरचेच बूट घ्यायचे आहेत. करंगळीजवळ दाब येत असेल तर बरेच जण एक नंबर मोठा घेतात. मग टाच मागे सरकते आणि फोड येतात. त्यापेक्षा त्याच नंबरात रुंद बूट मागा. डब्यावर २ई किंवा ४ई लिहिलेलं असेल तर तो पुरुषांच्या नेहमीच्या बुटापेक्षा रुंद असतो. एक सोपी तपासणी म्हणजे आतला सुटा तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. पाऊल कडेने बाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही.

सपाट तळवे आणि "सपोर्ट"

वुजू करून ओल्या पायाने फरशीवर उभं राहिलं की ठसा उमटतो. मधली कमान भरलेली दिसली की मुलं घाबरतात आणि दुकानदार महागडा "सपोर्ट"वाला बूट पुढे करतो. ठशावरून बूट निवडण्याची ही पद्धत जगभर वर्षानुवर्षं चालली. पुढे अमेरिकेत लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरच्या प्रशिक्षणार्थी जवानांवर ती तपासून पाहिली गेली. एका गटाला तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, दुसऱ्या गटाला तळवा न बघता सगळ्यांना एकाच प्रकारचे. दुखापतींच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. हे जवानही आपल्या मुलांसारखेच, नव्याने पळायला लागलेले होते, म्हणून आम्हाला हा दाखला महत्त्वाचा वाटतो. सपाट तळव्याचा पाय दुखत नसेल तर केवळ ठशापायी जास्त पैसे घालू नका. (वैद्यकीय तपासणीत सपाट तळव्यांबद्दल काय नियम आहे, हा वेगळा विषय. तो त्या त्या भरतीच्या जाहिरातीत बघावा.)

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातले संशोधक बेन्नो निग यांनी तर असं मांडलं की पायाला जो बूट सर्वांत आरामदायी वाटतो तोच निवडावा, कारण शरीर आपली चालण्याची ढब आपणच ओळखतं. आम्ही या मताच्या बाजूने आहोत, फक्त आराम म्हणजे गादीसारखा मऊपणा नव्हे. अंगठ्याने दाबल्यावर खोल जाणारा फोम दुकानात सुखद वाटतो. पळताना त्यावर घोटा डगमगतो.

मग आधार कुठे बघायचा? बुटाची मागची बाजू, जी टाचेला धरते, ती चिमटीत दाबून बघा. ती लगेच चेपता कामा नये. दोन्ही टोकं धरून वाकवा. बूट चवड्यापाशी, जिथे आपली बोटं वाकतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर सोडून द्या. ओलं कापड पिळतो तसा पिळून बघा, थोडा विरोध जाणवला पाहिजे. टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कललेला तर नाही ना. शेवटी नाड्या बांधून दुकानाबाहेर तीस-चाळीस पावलं खरोखर धावा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. टाच उचलली जात असेल तर सर्वांत वरच्या जादा छिद्रातून नाडी घेऊन बांधून बघा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

पैसे किती घालावेत?

आमच्या अंदाजाने भरतीच्या सरावाला दोन ते चार हजारांतला साधा, खास धावण्यासाठी बनवलेला बूट पुरेसा असतो. कार्बन प्लेटचे दहा-पंधरा हजारांचे बूट मॅरेथॉनवाल्यांसाठी आहेत, त्यांच्या मोहात पडू नका. फर्स्ट कॉपीला आमचा सरळ विरोध आहे. वरून ती हुबेहूब दिसते, पण खरा खर्च तळातल्या फोममध्ये असतो आणि नक्कल करणारा नेमका तिथेच हात आखडता घेतो. त्याच पैशात एखाद्या कमी नावाच्या कंपनीचा अस्सल बूट येतो. मागच्या वर्षीचं मॉडेलही सवलतीत मिळतं, त्यात कमीपणा काही नाही.

तळाची रबराची खडबड बघायला विसरू नका. २०२४ ची पोलीस भरतीची मैदानी चाचणी जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात सुरू झाली होती. गुळगुळीत तळाचा बूट अशा मैदानावर घसरतो. स्पाइक्स घालायचे असतील तर परवानगी आहे का, हे आधी सूचनांमध्ये वाचा.

आता मुलींबद्दल. भाऊ आणि बहीण दोघेही तयारी करत असले की नवे बूट भावाला आणि त्याचे जुने बहिणीला, असं आम्ही एकाहून जास्त घरांत पाहिलं आहे. धावण्याचा जुना बूट दुसऱ्याला देण्याजोगा नसतो. त्याचा फोम एका विशिष्ट पायाखाली दबलेला असतो, तळ एका ढबीने झिजलेला असतो. त्यात मुलींची टाच साधारणपणे अरुंद असते, म्हणून भावाच्या बुटात ती आत खेळत राहते. ८०० मीटरला मुलीलाही तेवढेच २० गुण आहेत. दोन जोड परवडत नसतील तर दोघांना स्वस्तातले, पण आपापल्या मापाचे घ्या. अबाया घालून चालणाऱ्या आपा-खालांनी नाड्यांची टोकं आत खोचून घ्यावीत, घेराखाली ती दिसत नाहीत आणि पाय अडकतो.

अब्बांना मधुमेह असेल तर

इथे आम्ही जरा जास्त सावध करतो. जुन्या मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी होते. बूट चावला तरी कळत नाही, आणि फोडाची जखम होते. अशा माणसाला "आरामदायी वाटतो का?" हे विचारून भागत नाही, घरातल्या कुणीतरी माप घेऊन जागा तपासली पाहिजे. आतून शिवण टोचत नाही ना, हे हाताने बघा. रोज घालण्याआधी बुटात हात फिरवून खडा वगैरे काढून टाका. नवा बूट पहिले काही दिवस तासभरच घालायचा आणि काढल्यावर पाय लाल झालाय का ते बघायचं. पाय बधिर असतील किंवा आधी जखम झालेली असेल, तर बुटाच्या दुकानाआधी डॉक्टर. ते खास एमसीआर रबराची चप्पल किंवा वेगळा बूट सुचवतील. उन्हाळ्यात मशिदीच्या तापलेल्या अंगणातून अनवाणी जाणंही अशांना धोक्याचं आहे. चटका बसल्याचं कळतच नाही, म्हणून निदान जाड मोजे घालू द्या.

घेतल्यानंतर

चाचणीच्या दिवशी कोरा बूट घालू नका. निदान दोन आठवडे आधीपासून तो वापरात हवा, सुरुवातीला जुन्याबरोबर आलटून पालटून.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोमचा जीव जातो, वरून बूट नवा दिसत असला तरी. रोज सहा किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस पळणाऱ्या मुलाचा बूट साधारण सव्वातीन ते पाच महिन्यांत संपतो. घेतल्याची तारीख जिभेच्या आत पेनाने लिहून ठेवा. भिजला तर चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका, आतला तळ काढून वर्तमानपत्र कोंबा आणि पंख्याखाली वाळवा.

वुजूनंतर ओल्या पायावर तसेच मोजे चढवून पळायला जाण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ओली कातडी लवकर सोलते, बोटांच्या बेचक्यांत खाज आणि बुरशी होते. दोन मिनिटं घालवून बेचक्या कोरड्या पुसा. आणि मशिदीच्या दारात नाड्या सोडायचा कंटाळा करून टाच पायाखाली चेपत बूट चपलेसारखा घालणारे तर आम्ही रोज बघतो. ज्या टाचेच्या आधारासाठी पैसे मोजले, ती अशाने महिन्याभरात मोडते. नमाजला जाताना साधी चप्पल घाला, बूट पिशवीत ठेवा आणि मैदानावर पोहोचल्यावरच पायात चढवा.