संहिता आणि विवरण : पर्ल भाषेतील एक परंपरा

आज्ञावलीचे विवरण म्हणजे काम संपल्यावर जोडावयाचे परिशिष्ट होय, असा समज संगणकक्षेत्रात रूढ आहे. पर्ल या मुक्त-स्रोत भाषेचा इतिहास या समजाला बाध आणतो. भाषाविज्ञानाचे अध्ययन केलेल्या लॅरी वॉल यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. १९९४ मधील पाचव्या आवृत्तीबरोबर ‘पॉड’ ही लेखनपद्धती आली आणि विवरण आज्ञावलीच्याच फाइलीत लिहिता येऊ लागले. नाव, वापराचा नमुना, वर्णन हा त्यातील रूढ क्रम मात्र युनिक्सच्या १९७१ मधील नियमपुस्तिकेपासून चालत आलेला आहे.

या सान्निध्याचा लाभ उघड आहे : संहिता जेथे जाते तेथे विवरणही जाते. परंतु सान्निध्य म्हणजे सत्यता नव्हे. आज्ञावली चालविताना पर्ल पॉडचा मजकूर वगळून पुढे जाते. त्यामुळे संहिता बदलली आणि विवरण तसेच राहिले, तरी काहीच अडत नाही. अडतो तो केवळ वाचक.

लिंकन स्टाइन यांनी रचलेल्या ‘सीजीआय.पीएम’ या वेबलायब्ररीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. २०१५ मध्ये, ५.२२ या आवृत्तीपासून, ती पर्लच्या मूळ संचातून वगळण्यात आली. नव्या कामासाठी तिचा अवलंब करू नये, असे तिचे विवरणच सांगते. जुनी संहिता चालत राहते. ती का टाळावी, हे विवरणाशिवाय कळत नाही. म्हणूनच विवरणकाराचे उत्तरदायित्व संहिताकाराहून कमी मानता येत नाही.