उन्हाची मुदत ठेव

आमच्या शाखेत नोटा ज्या खोलीत राहतात, तिच्या भिंती फूटभर जाड आहेत. मी ज्या खोलीत राहतो, तिच्या भिंती गिलाव्यासकट जेमतेम सहा इंच. या जगात कोणाची किती काळजी घेतली जाते, हे यावरून ज्याचं त्यानं समजून घ्यावं. नोटांना घाम येत नाही, तरी त्यांना गारवा. मला येतो, तर मी सर्वांत वरच्या मजल्यावर आणि माझ्या डोक्यावर उघडा स्लॅब.

पूर्वी असं नव्हतं. आजोबांचं घर मराठवाड्यात, माळवदाचं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा हातभर थर. भिंती दगडमातीच्या आणि इतक्या रुंद, की एकेका कोनाड्यात समई, पंचांग आणि आजोबांची तपकिरीची डबी गुण्यागोविंदानं नांदत. बाहेर मे महिना रणरणत असे. उंबरा ओलांडला की डोळ्यांपुढे अंधार आणि अंगावर गारवा, दोन्ही एकदम येत.

मी बी.कॉम. असल्यामुळे पदार्थविज्ञान मला हिशेबाच्या भाषेतच कळतं. जाड मातीची भिंत म्हणजे उन्हाची मुदत ठेव. सकाळपासून ऊन बाहेरच्या काउंटरवर जमा होतं, भिंत ते पोटात ठेवते. मुदत आठ-दहा तासांची. ठेव परत करायची वेळ येते तेव्हा रात्र झालेली असते आणि खातेदार माळवदावर चांदण्या मोजत पडलेले असतात. घरात रक्कम घ्यायला कोणी नाही! आमचा पाच इंची स्लॅब म्हणजे मात्र चालू खातं. दुपारी भरलेलं ऊन तो संध्याकाळपासून परत द्यायला लागतो, म्हणजे बरोबर मी घरी पोचतो तेव्हा. बँकेत कोणीही इतकी तत्पर सेवा देत नाही.

कोकणानं निराळी युक्ती काढली. तिथं पाऊस फार, म्हणून उतरतं छप्पर आणि त्याखाली पोटमाळा. छपराची आग पोटमाळ्यातल्या हवेत अडते. भोवती पडवी, म्हणजे भिंतीला ऊन लागायच्या आधीच सावली लागते. १८६५ साली बाझल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्या कौलाला गावाचं नाव कायमचं चिकटलं. पण पोटमाळा आणि पडवी तशीच राहिली.

‘मग हे सगळं सोडून माणसं काँक्रीटच्या तव्याखाली का गेली?’ असं विचारलं की वडीलधारी मंडळी नव्या पिढीच्या अकलेकडे बोट दाखवतात. त्यात थोडं तथ्य आहे. १९६३ साली महाराष्ट्रात मालकीच्या फ्लॅटांचा कायदा झाला आणि जागा चौरस फुटांनी विकण्याचा धंदा वाढला. जागा सोन्यासारखी विकली जाऊ लागली की जाड भिंत कोणाला परवडते? पण दुसरं कारण चेष्टेचं नाही.

माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती घालत. असं वर्षानुवर्षं चाले. माती वाढे, गारवा वाढे आणि वजनही वाढे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला, अनंत चतुर्दशीचे गणपती पोचवून लोक झोपलेले असताना, किल्लारी-सास्तूरच्या भागात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती फुटल्या आणि ती माती खाली आली. हजारो माणसं त्या गार छपरांखाली गेली. आमचं घर त्या पट्ट्यापासून लांब होतं, त्याला तडासुद्धा गेला नाही. पण त्या दिवसापासून आजी माळवदाखाली झोपायला तयार होईना. भर पावसाळ्यात ती अंगणातल्या पत्र्याखाली झोपे. शेवटी काकांनी माळवद उतरवून स्लॅब टाकला. आजी आत आली. उकडतंय म्हणून तिनं कधी तक्रार केली नाही.

तेव्हा ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी सोन्याचं वजनही लक्षात घ्यावं. गारवा हवा आणि डोक्यावर भार नको, हा खरा प्रश्न. गंमत अशी, की किल्लारीच्या बरोबर एकशे साठ वर्षं आधी एका बर्फवाल्यानं तो सोडवला होता.

फ्रेडरिक ट्यूडर हा बोस्टनचा व्यापारी. अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ कापून तो उष्ण देशांना विकायचा. मे १८३३ मध्ये त्यानं ‘टस्कनी’ जहाजात १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला धाडला. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता. जहाज आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! चव्वेचाळीस टक्के घसारा जाऊनही धंदा किफायतशीर ठरला. पुढच्याच वर्षी बर्फ मुंबईला आला आणि जमशेटजी जिजीभाईंच्या मेजवानीत आईस्क्रीम आलं. यजमान आणि पाहुणे, दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी गुजराती वर्तमानपत्रानं दिल्याची हकीकत सांगतात.

ही जादू बर्फाभोवती भरलेल्या भुशाची. म्हणजे खरं तर भुशात अडकून पडलेल्या हवेची. अडकलेल्या हवेतून उष्णता पुढे सरकते, पण सरकारी फायलीच्या वेगानं. आजीची गोधडी हेच काम करते. फरक एवढाच, की गोधडी आतली ऊब आत ठेवते आणि भुसा बाहेरचं ऊन बाहेर.

आता ए.सी.चं पाहू. दुकानदार ‘दीड टनाचा घ्या’ म्हणतो, तेव्हा पुष्कळांना ते यंत्राचं वजन वाटतं. ते वजन बर्फाचं असतं. चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषली जाते, तो एक टन. म्हणजे दीड टनाचा ए.सी. घेणं म्हणजे दिवसाला तेराशे साठ किलो बर्फ वितळवण्याची सोय दारी बांधणं.

इथं माझ्यातला कारकून जागा झाला. टस्कनीचा ८० टन बर्फ साधारण १२० दिवसांत वितळला. रोज पडला दोन तृतीयांश टन. इंग्रजी टन जरा वजनदार, म्हणून पाऊण धरा. म्हणजे आख्खं जहाज शून्य अंशावर राखायला जेवढी थंडी खर्च झाली, तिच्या दुप्पट ताकदीचं यंत्र मला एका खोलीसाठी लागतं. सौभाग्यवती म्हणाल्या, “ए.सी. काही चोवीस तास पूर्ण जोरात चालत नाही.” मान्य. पण जहाजात १८० टन माल होता; आमच्या खोलीत एक पलंग, एक कपाट आणि मी.

भुशाचा आजचा अवतार म्हणजे थर्माकोल आणि त्याच्या जातीचे घट्ट फोमचे तक्ते. उष्णता अडवण्यात इंचभर थर्माकोल सुमारे चाळीस इंच काँक्रीटच्या तोडीचा आहे. म्हणजे आजोबांच्या भिंतीला लाजवील इतका, आणि शाळकरी मुलगा डोक्यावर घेऊन जिना चढेल इतका हलका. मात्र तो स्लॅबच्या वर घालावा. खाली लावला तर स्लॅब बिचारा तापतच राहतो. २०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं नव्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छतातून दर चौरस मीटरला, आतबाहेरच्या दर अंश फरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता येऊ नये, असं तीत म्हटलं आहे. उघड्या स्लॅबमधून दुपटीहून अधिक येते.

ही सगळी आकडेवारी मी सोसायटीच्या सभेत मांडली. मला घाई होती. उन्हाळ्यात आईला खोलीत झोप लागेना, ती गादी ओढत जिन्याच्या चौकात येई आणि सत्तरी उलटलेल्या बाईनं जिन्यात झोपावं हे मला पाहवत नव्हतं. सभेनं ऐकून घेतलं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “गच्ची सर्वांची, पण ऊन तुमचं. आम्ही का पैसे द्यायचे?” कायद्याच्या दृष्टीनं मुद्दा बिनतोड होता. मी वाद घातला नाही. रात्री दहाला त्यांना चहाला बोलावलं, स्टुलावर उभं केलं आणि छताला हात लावायला सांगितलं. त्यांनी लावला आणि लगेच काढला. मग जिन्यातल्या गादीकडे बघितलं. चहा न पिताच ते म्हणाले, “ठराव मी मांडतो.”

काम मार्चात झालं: खाली फोमचे तक्ते, वर कोबा, त्यावर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे. मे महिना महाबळेश्वरचा झाला असं नाही, पंखा लागतोच. पण आईची गादी आत आली आणि ए.सी. रात्री तासाभरानं बंद करता येतो. काका भेटले की विचारतात, “काय, गार आहे ना?” मी मोठ्यांदा “हो” म्हणतो. विजेचं बिल किती उतरलं ते मात्र सांगत नाही. त्यांचीही वर्गणी आहे, डिव्हिडंड मागतील.