चित्रा की विपंची? तगरनगरीच्या काळातील दोन वीणा आणि मागे पडलेले एक वाद्य

(१) इलेक्ट्रिक गिटार घेऊ पाहणाऱ्या तरुणासमोर सुमारे सत्तर वर्षे एकच प्रश्न उभा आहे : फेंडरची स्ट्रॅटोकास्टर घ्यावी की गिब्सनची लेस पॉल? १९५४ सालच्या पहिलीचा नाद स्वच्छ व धारदार, तर १९५२ सालच्या दुसरीचा भरीव आणि दीर्घकाळ टिकणारा. तंतुवाद्याच्या दोन मान्यवर घडणींमधील अशी निवड भारतीय संगीताला मात्र नवी नाही. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव ‘तगर’ या नावाने सातासमुद्रापार ठाऊक होते, त्या काळातही वादकांसमोर दोन वीणा होत्या. त्या निवडीचा शेवट मात्र अनपेक्षित झाला.

(२) प्रथम काळ आणि स्थळ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात दख्खनच्या दोन व्यापारी नगरांचा उल्लेख येतो. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरचे कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोच बंदरात उतरत असे. तेर येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे मिळालेली हस्तिदंती मूर्ती यांतील साम्य या व्यापाराची साक्ष मानले जाते.

(३) याच ग्रंथात भडोचला राजासाठी येणाऱ्या मौल्यवान वस्तूंची यादी आहे. चांदीची भांडी, उंची मद्य, तलम वस्त्रे, सुगंधी लेप आणि यांच्याच जोडीने गाणारे-वाजवणारे गुलाम! ज्या बंदरात तगरचे कापड जहाजावर चढे, त्याच बंदरात परदेशी कलावंत उतरत. संगीत ही त्या काळी राजदरबाराच्या वैभवाची खूण होती आणि त्या संगीतात अग्रपूजेचा मान वीणेचा होता.

(४) ही वीणा कशी होती? उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात मिळते. त्यात दोन वीणांना प्रमुख, म्हणजे ‘अंग’, म्हटले आहे. पहिली चित्रा : सात तारांची, बोटांनी वाजवायची. दुसरी विपंची : नऊ तारांची, ‘कोण’ नावाच्या लहान कांडीने छेडायची. बोटांच्या आघाताचा नाद मऊ, कांडीच्या आघाताचा ठसठशीत. कच्छपी, घोषका इत्यादी वाद्यांना भरताने ‘प्रत्यंग’, म्हणजे दुय्यम, असे स्थान दिले.

(५) ‘वीणा’ म्हणताच आज दांडी, पडदे आणि भोपळा डोळ्यांसमोर येतो. ती प्राचीन वीणा अशी नव्हती. बहुतेक अभ्यासकांच्या मते चित्रा आणि विपंची ही धनुष्याकृती वाद्ये होती. नावेसारख्या पोकळ पेटीतून एक वक्र दांडा वर निघतो आणि त्या दांड्यापासून पेटीपर्यंत तारा ताणलेल्या असतात. भारहूत, सांची आणि अमरावतीच्या शिल्पांत ही वीणा दिसते. महाराष्ट्रात मावळातील भाजे लेण्यातही राजापुढील नृत्यप्रसंगात ती कोरलेली आहे. तमिळ प्रदेशात हिच्याच जातीच्या वाद्याला ‘याळ’ म्हणत.

(६) या घडणीचे सामर्थ्य तिच्या मोकळ्या तारांत होते. प्रत्येक स्वराला स्वतंत्र तार. त्या काळच्या ग्राम-मूर्च्छना पद्धतीत एकाच स्वरमालेतील वेगवेगळ्या स्वरांपासून आरंभ करून वेगवेगळी रूपे सिद्ध होत. अशा वीणेवर त्यासाठी केवळ आरंभाची तार बदलावी लागे. श्रुती सिद्ध करण्याचा भरताचा प्रसिद्ध प्रयोगही असाच आहे. दोन समान वीणा घ्यायच्या. एकीचे स्वर स्थिर ठेवायचे, ती ध्रुववीणा. दुसरीच्या तारा टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायच्या, ती चलवीणा. दोहोंतील अंतर कानाने मोजायचे. भारतीय स्वरशास्त्राचा पाया अशा मोकळ्या तारांच्या वाद्यावर घातला गेला.

(७) याच घडणीत तिची मर्यादाही होती. एक तार, एक स्वर. एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, म्हणजे मींड, तिच्यावर सहज साधत नसे. दांडीच्या वाद्यात नेमके उलटे घडते. तार एकच असली तरी डाव्या हाताने ती दाबून, ओढून किंवा तिच्यावर बोट सरकवून अनेक स्वर आणि त्यांमधील सूक्ष्म जागा निघतात. ग्वाल्हेरजवळील पवाया येथील गुप्तकालीन नृत्यशिल्पात धनुष्याकृती वीणा आणि दांडीचे वाद्य एकाच वादकवृंदात दिसतात. खरी स्पर्धा चित्रा आणि विपंची यांच्यात नव्हतीच. ती या दोन जातींत होती.

(८) धनुष्याकृती वीणेचे वैभव चौथ्या शतकात शिखरावर होते. समुद्रगुप्ताने स्वतःच्या सुवर्णनाण्यांवर मांडीवर हीच वीणा घेऊन बसलेली आपली प्रतिमा उमटवली. पुढे चित्र पालटले. संगीतात षड्ज स्थिर झाला, रागाला महत्त्व आले आणि स्वर किती यापेक्षा स्वर कसा लागतो, त्याला कोणता हेलकावा मिळतो, हे मोलाचे ठरले. मोकळ्या तारांची वीणा या गरजेला अपुरी पडली. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात ती भारतीय शिल्पांतून विरळ होत गेली.

(९) या बदलावर शिक्कामोर्तब झाले ते देवगिरीत. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात चित्रा आणि विपंचीची नावे येतात, परंतु सर्वोच्च मान मिळतो एकतंत्रीला. भोपळा, दांडी आणि एकच तार. डाव्या हातातील बांबूची कांडी तारेवर सरकवून तिच्यातून स्वर काढत. पडदे बसवलेल्या किन्नरी वीणेचेही तपशीलवार वर्णन तेथे आहे. भरताने दांडीच्या ज्या वाद्यांना दुय्यम लेखले, त्यांच्याच जातीकडे आता अग्रपूजेचा मान आला होता.

(१०) त्याच यादवकाळाच्या उत्तरार्धात तेर पुन्हा प्रकाशात येते, ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. परदेशी व्यापाराचे तगर तोवर मागे पडले होते. वारकरी परंपरेत विणेकऱ्याच्या गळ्यात असते ती दांडीची वीणा. मिरजेच्या कारागिरांची सतार आणि तंबोराही दांडीचेच. इतकेच नव्हे, स्ट्रॅटोकास्टर आणि लेस पॉलही त्याच बाजूच्या आहेत. गिटारवादक तार ओढून स्वर चढवतो, तेव्हा सतारिया ज्या तत्त्वावर मींड घेतो तेच तत्त्व तोही वापरत असतो. आज ज्या दोन घडणींत निवड करताना तरुण गोंधळतो, त्या दोन्ही एका जुन्या निवडीतील विजेत्या पक्षाच्या आहेत.

(११) आणि हरलेला पक्ष? तो पूर्णपणे संपला नाही. म्यानमारमध्ये ‘साउंग’ या नावाने धनुष्याकृती वीणा आजही मानाने वाजते. मध्य प्रदेशातील मंडला भागात परधान गायकांचा ‘बीनबाजा’ याच जातीचा. चित्रा आणि विपंची यांचा नाद मात्र आज कोणालाही ऐकता येत नाही. उरले आहे ते त्यांचे वर्णन, काही शिल्पे आणि नाणी. वाद्य नाहीसे होते तेव्हा त्याच्यासोबत स्वरांचा एक विशिष्ट विचारही नाहीसा होतो. भरताच्या मूर्च्छना समजून घेताना आजच्या विद्यार्थ्याला अडखळायला होते, त्याचे एक मोठे कारण हेच : ज्या वाद्यावर त्या हाताला सहज उमगत, ते वाद्यच आता हाती उरलेले नाही.