अक्षर दिसते, मग शब्द का वाचता येत नाही?

ऑक्टोबर १८८७. पॅरिसमधील ६८ वर्षांचे एक गृहस्थ फिरायला निघाले होते. कापडाच्या व्यापारातून निवृत्त झालेले, सुशिक्षित, वाचनाची आणि संगीताची आवड असलेले. चालता चालता त्यांच्या ध्यानात आले, की दुकानांच्या पाट्यांवरचा एकही शब्द आपल्याला वाचता येत नाही. पाट्या दिसत होत्या, माणसे ओळखू येत होती, बोलण्यात काही फरक नव्हता. चष्मा बदलायला हवा, अशा समजुतीने ते एडमंड लँडोल्ट या नेत्रतज्ज्ञांकडे गेले. वैद्यकाच्या इतिहासात हे रुग्ण ‘मस्यू सी’ या नावाने ओळखले जातात.

लँडोल्ट यांनी अक्षरांचा तक्ता पुढे केला. रुग्णाला अक्षरांचे आकार नीट दिसत होते, ते पाहून काढताही येत होते. नाव मात्र सांगता येईना. ‘ए’ म्हणजे चित्रकाराची तिकाटी, ‘झेड’ म्हणजे साप, ‘पी’ म्हणजे पट्ट्याचे बक्कल, असे ते सांगत. आकडे त्यांना वाचता येत. सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे, सांगितलेला मजकूर ते बिनचूक लिहीत आणि स्वतःच लिहिलेला तो कागद थोड्या वेळाने त्यांना वाचता येत नसे. बोटाने अक्षर गिरवले, की मग ते कोणते हे कळे! तपासणीत आणखी एक दोष सापडला. दृष्टिक्षेत्राच्या उजव्या अर्ध्या भागातील वस्तू त्यांना अंधुक आणि रंगहीन दिसत.

अशा विकाराला ‘शब्दांधता’ हे नाव जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ मध्येच दिले होते. पण नाव दिले म्हणजे कारण कळले असे नव्हे. दोष डोळ्यात, मेंदूत की शब्दात?

मुळात आपण वाचतो कसे, याचा शोधही त्याच काळात सुरू झाला होता. ओळीवरून नजर सरळ घसरत जाते, असे आपल्याला वाटते. पॅरिसमधील नेत्रतज्ज्ञ एमील जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास वेगळेच आढळले. लामार या सहकाऱ्याने पापणीवर एक लहानसे साधन टेकवून ते रबरी नळीने कानाशी जोडले, तेव्हा वाचताना डोळ्याची प्रत्येक हालचाल ऐकू येऊ लागली. डोळा बेडकासारखा उड्या मारत जातो! तो सुमारे पाव सेकंद थांबतो, पुन्हा उडी घेतो. वाचन घडते ते या थांब्यांवर. कारण उघड आहे. दृष्टिपटलाच्या मधल्या छोट्याशा भागालाच बारीक अक्षर स्पष्ट दिसते.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. छापील कागदाच्या मध्यभागी पेन्सिलीएवढे भोक पाडा. एका विद्यार्थ्याने कागद समोर धरून वाचावे आणि दुसऱ्याने मागून, भोकातून त्याच्या डोळ्यांकडे पाहावे. उड्या मोजता येतात.

जावाल यांच्या आयुष्यातला योगायोग मात्र चटका लावणारा आहे. वाचणाऱ्या डोळ्याचा अभ्यास करणारा हा माणूस काचबिंदूमुळे १९०० मध्ये पूर्ण अंध झाला. तरी त्यांनी काम सोडले नाही. अंधांच्या जीवनाविषयीचे त्यांचे पुस्तक १९०३ मध्ये आणि वाचन-लेखनाच्या शरीरक्रियेवरील ग्रंथ १९०५ मध्ये निघाला.

दुसरा धागा जर्मनीतला. लाइपझिग येथे वुंट यांच्या प्रयोगशाळेत जेम्स कॅटेल हा अमेरिकन तरुण वाचनाचा वेळ मोजत होता. १८८६ मध्ये त्याने दाखवले, की सुटी, असंबद्ध अक्षरे वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या सुमारे निम्म्या वेळात शब्दांत गुंफलेली अक्षरे वाचून होतात. म्हणजे सरावलेला वाचक अक्षराला अक्षर जोडत बसत नाही. शब्द त्याला जवळजवळ एकदम गवसतो. मस्यू सी यांनी नेमके हेच गमावले होते.

लँडोल्ट यांनी त्यांना ज्यूल देजेरीन या मेंदूतज्ज्ञांकडे पाठवले होते. जानेवारी १८९२ मध्ये मस्यू सी यांना मेंदूचा दुसरा झटका आला. या वेळी लिहिणेही गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. देजेरीन यांनी मेंदूची तपासणी केली, तेव्हा दोन जखमा दिसल्या, एक जुनी व एक ताजी. जुनी जखम डाव्या गोलार्धाच्या मागच्या, दृष्टीशी संबंधित भागात होती. दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलाचे मागचे टोकही तिने निकामी केले होते.

कोडे येथे उलगडले. दृष्टिक्षेत्राच्या उजव्या भागातील चित्र मेंदूच्या डाव्या गोलार्धात जाते आणि डाव्या भागातील उजव्या गोलार्धात. भाषेचे कारभारी बहुतेक माणसांच्या डाव्या गोलार्धात असतात. मस्यू सी यांना डावीकडचे अक्षर दिसे. पण ते उजव्या गोलार्धातच अडकून पडे, कारण पलीकडे नेणारा पूल तुटला होता. लिहिण्याची यंत्रणा शाबूत होती, म्हणून लिहिता येत होते. ताज्या जखमेने तीही हिरावून घेतली.

यानंतर प्रश्न निघाला, की केवळ अर्धे दृष्टिक्षेत्र गेले आणि भाषेचा मार्ग शाबूत राहिला, तर काय होते? जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्ब्रांड यांनी १९०७ मध्ये अशा रुग्णांच्या वाचनदोषाचे वर्णन केले. अक्षरे ओळखता येतात, शब्द कळतो; पण उजवी बाजू गेलेल्याला पुढचा मजकूरच दिसत नाही. त्याची नजर चाचपडत, लहान लहान उड्या घेत जाते. याचे कारण १९७० च्या दशकात मॅककाँकी आणि रेनर यांच्या प्रयोगांतून पुढे स्पष्ट झाले. इंग्रजी वाचणारा एका थांब्यावर डावीकडची तीन-चार अक्षरे, पण उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरांपर्यंतची माहिती टिपतो. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या हिब्रूत ही कक्षा डाव्या बाजूला झुकते, असे १९८१ मध्ये दिसून आले. म्हणजे अधू डोळ्याने काय हिरावले, हे आपण कोणती लिपी वाचतो यावरही ठरते.

आपली देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते. शिवाय मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाच्या शेवटी, म्हणजे उजव्या टोकाला लागतात. ‘घराने’, ‘घराला’, ‘घरातून’ यांतला फरक त्या टोकावरच आहे. ते टोक निसटले तर केवळ एखादे अक्षर नव्हे, वाक्याचा अर्थच निसटेल.

दोन्ही विकारांचे बाह्य लक्षण एकच, वाचन मंदावणे. त्यांना वेगळे करणारी मोजपट्टी म्हणजे शब्दाची लांबी. निरोगी, सरावलेल्या वाचकाला नेहमीच्या आठ अक्षरी शब्दाला चार अक्षरी शब्दापेक्षा फारसा अधिक वेळ लागत नाही. अर्धे दृष्टिक्षेत्र गेलेल्याला वाढत्या अक्षरांगणिक थोडा अधिक वेळ लागतो. मस्यू सी यांच्यासारख्या रुग्णांत जे अक्षर-अक्षर करत वाचू शकतात, त्यांना मात्र दर अक्षराला सेकंदाचा मोठा अंश, कधी काही सेकंदही लागतात.

आता आपल्या वर्गाकडे वळू. नुकते वाचू लागलेले प्रत्येक मूल अक्षर-अक्षर करतच वाचते. लांब शब्दावर ते अडखळते, हा विकार नव्हे. सरावाने शब्दाच्या लांबीचा परिणाम कमी होत जातो. हा सराव मेंदूतही दिसतो. दहाएन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील व पोर्तुगालमधील साक्षर व निरक्षर प्रौढांच्या मेंदूंची तुलना केली, तेव्हा वाचायला शिकलेल्यांच्या डाव्या गोलार्धाच्या मागच्या, खालच्या अंगाला एक भाग शब्दांना विशेष प्रतिसाद देताना आढळला. प्रौढपणी साक्षर झालेल्यांतही तो प्रतिसाद होता. हा भाग जन्मतः वाचनासाठी राखलेला नसतो. शिक्षक तो घडवतात!

मात्र बरोबरीची मुले पुढे गेली आणि एखादे मूल अजूनही अडखळत असेल, तर ‘आळशी’, ‘ढ’ हे शिक्के मारण्याआधी आपण दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. मोठ्या ठशातला मजकूर ते सहज वाचते का? तसे असेल तर प्रथम डोळे तपासून घ्यावेत. शब्दांची टोके, तीही ठराविक एका बाजूची, वारंवार गळतात का? तसे असेल तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्यावी. अक्षर मोठे केले, डोळे निर्दोष निघाले, तरी लांब व अनोळखी शब्दांवर गाडी अडते का? तसे असेल तर वाचनाच्या अडचणी जाणणाऱ्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पण मूल नेमके कोठे अडते हे त्याच्याइतके जवळून दुसरे कोण ऐकणार?

मस्यू सी यांना वाटले होते की चष्मा बदलला की भागेल. मुलांच्या बाबतीत आपण बहुधा उलटी चूक करतो. चष्मा हवा असतो, आणि आपण बुद्धीला दोष देतो.