गोरोबाकाकांचं थापटणं

॥ राम कृष्ण हरी ॥

दिंडी निघाली की नीट पहा. पुढची पताका शिंप्यानं शिवलेली. टाळ कासाराचे. मृदंगाची पुडी चामड्याचं काम जाणणाऱ्यानं मढवलेली. पाण्याचं मडकं कुंभाराचं. आपला संप्रदाय हाताला काम असणाऱ्या माणसांनी उभा केला, अन् त्यांच्या मैत्रीवर तो आजवर चालला.

नामदेव महाराज शिंपी. जन्म सन 1270. गोरोबा तेरचे कुंभार, वयानं वडील, म्हणून सारे संत त्यांना काका म्हणत. नरहरी महाराज पंढरपूरचे सोनार, सावता महाराज अरणचे माळी, चोखोबा मंगळवेढ्याचे. यांचं इतकं काहून जमलं? विठ्ठल तर होताच. पण एकाच्या हातच्या कामाची किंमत दुसऱ्याला कळत होती, हेही कारण होतं. देव भेटला म्हणून कोणी काम सोडलं नाही. कामातलेच शब्द घेऊन त्यांनी अभंग घडवले.

तेरची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमेळा जमला होता. मुक्ताईनं विचारलं, काका, हे थापटणं कशाचं? काका म्हणाले, यानं कच्चं-पक्कं कळते. मंग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेवांना राग आला. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं.

कुंभाराचं काम ज्यानं पाहिलं त्याला यातलं मर्म कळेल. मडकं ओलं असते तेव्हा कुंभार आतून दगडाचा आधार धरतो अन् बाहेरून थापटतो. आधार नसला तर मडकं फुटते, थापटलं नाही तर घडत नाही. खरा मित्रही असाच. नामदेव रागावले, पण मैत्री तुटली नाही. ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले अन् पक्के झाले.

पक्के झाल्याची खूण पुढं दिसली. सन 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली. चोखोबा कामकऱ्यांसोबत तिच्याखाली गेले. नामदेव तिथं गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं परंपरा सांगते. ती हाडं पंढरपुरात आणून त्यांनी महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्याला जिवंतपणी आत येऊ दिलं नाही, त्याला मित्रानं देवाच्या दारात जागा दिली. पुढं सन 1350 मध्ये नामदेव त्याच महाद्वाराची पायरी झाले.

पण चोखोबांच्या लेकरांना ते दार उघडायला सन 1947 उजाडलं. साने गुरुजी त्यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा ते उघडलं. भिंत पडली त्याला तोवर 609 वर्षं झाली होती. बाप्पा, आपण इतकी वर्षं अभंग म्हणत होतो, मंग ऐकत कोण होतं?

आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी ते ऐकलं. शेंडगावचा हा परटाचा लेक. अंगावर चिंध्या शिवलेल्या, म्हणजे नामदेवांचं काम. हातात गाडगं, म्हणजे गोरोबांचं. अन् पंढरपुरात धर्मशाळा बांधली ती चोखामेळ्याच्या नावानं. पुढं ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. तिघा मित्रांची मैत्री एका माणसानं अंगावर वागवली.

आता आमचं सांगतो. तरुणपणी एका मुक्कामी चोखोबांच्या वस्तीतल्या टाळकऱ्यांची पंगत आवाराबाहेर मांडली होती. आम्ही आत जेवलो, काही बोललो नाही. रात्री कीर्तन केलं ते चोखोबांवरच. त्या रात्री काकांचं थापटणं आमच्या डोक्यावर पडतं, तर मडकं कच्चंच निघतं.

दिंडीला शंभर वर्षं झाली. जयजयकार करूच. पण त्याआधी एकदा आपली पंगत पाहून घ्यावी. कोण आत बसलं, कोण बाहेर राहिलं. तिथंच कच्चं-पक्कं कळते.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.