माश्यांच्या खोलीतले जादा जनुक

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ‘माश्यांची खोली’ जेमतेम १६ फूट रुंद आणि २३ फूट लांब होती. टॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी तिथे दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या वाढवत. जुन्या जनुकाच्या जादा प्रतीतून नवे जनुक घडते, या विचाराची पायाभरणी त्यांच्याच परंपरेत झाली. तीही डीएनएची रचना उलगडण्याच्या कितीतरी आधी.

१९१४ मध्ये ‘बार’ माशीचे वर्णन प्रसिद्ध झाले. एरवी गोल असणारा डोळा तिच्यात अरुंद पट्टीएवढाच उरतो. या वाणाच्या संततीत क्वचित, सुमारे १,६०० मध्ये एखादी, गोल डोळ्यांची माशी निघे. एखादीचा डोळा उलट आणखी बारीक असे. मॉर्गन यांचे विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२५ मध्ये याचा उलगडा केला. गुणसूत्रांची जोडी आपापसांत तुकडे बदलते, तेव्हा ती कधीकधी नेमकी समोरासमोर येत नाही. मग एका गुणसूत्रावर जनुकाची प्रत वाढते आणि दुसऱ्यावर घटते. गुणसूत्राचा तो भाग न पाहता, निव्वळ पिढ्यांच्या मोजदादीतून त्यांनी हे ताडले. जनुकशास्त्रात इतकी देखणी अनुमाने फार थोडी आहेत.

१९३६ मध्ये पुरावा डोळ्यांना दिसला. अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे खूप मोठी असतात आणि त्यांवरचे पट्टे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. कॅल्व्हिन ब्रिजेस आणि हर्मन मुलर यांना स्वतंत्रपणे आढळले, की नेहमीच्या माशीत एकदाच असणारा एक भाग बार माशीत दोनदा आहे.

पण त्या जादा प्रतीचा उपयोग काय? स्टर्टेव्हंट यांचे विद्यार्थी एडवर्ड लुईस यांनी कॅलिफोर्नियात माशीच्या शरीराचे खंड ठरवणाऱ्या शेजारशेजारच्या जनुकांचा अनेक दशके अभ्यास केला. ही जनुके एकाच पूर्वज जनुकाच्या प्रती असून प्रत्येकीने वेगळे काम उचलले, असे त्यांचे म्हणणे होते. १९८४ मध्ये या जनुकांच्या डीएनए-क्रमांतला समान तुकडा सापडला आणि हे नाते पक्के झाले. दरम्यान १९७० मध्ये सुसुमु ओनो यांनी सर्वसाधारण सिद्धान्त मांडला होता: एक प्रत जुने काम सांभाळते, म्हणून दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. अर्थात बहुतेक जादा प्रती निकामीच होतात.

कीटकांतले एक बोलके उदाहरण ‘बायकॉइड’ हे आहे. माश्यांच्या एका शाखेत पूर्वज जनुकाच्या दोन प्रती झाल्या. ‘झेन’ने भ्रूणाभोवतीच्या आवरणांचे काम ठेवले. ‘बायकॉइड’चा संदेश मात्र आई अंड्याच्या पुढच्या टोकाला साठवते आणि त्यावरून डोके व छाती कुठे घडायची हे ठरते. डासांत आणि पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात हे जनुक नाही. त्यांचे डोके इतर जनुकांच्या आधारे घडते.